आपले लिहिणे आणि लोकांचे हसणे
(तासगाव येथील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही फळा-खडू बाजूला ठेवला आहे. आज नवे जोडाक्षर नाही, शुद्धलेखन नाही. आज नुसते ऐकायचे.

तुमच्यापैकी पुष्कळांना आता लिहिता येते. सातबाऱ्यावरचे नाव वाचता येते. सोसायटीच्या कागदावर अंगठ्याच्या जागी सही होते. मुंबईला असलेल्या मुलाला चार ओळी लिहिता येतात. इथवर सगळे खूश असतात. घरचे म्हणतात, "बरं झालं, शिकली." शेजारचे म्हणतात, "शाबास!"

पण अक्षर हाताला वळले की माणूस तिथेच थांबत नाही. त्याला वाटते, आपल्या मनातलेही कागदावर उतरवावे. दुष्काळात बैल कसा जगवला ते लिहावे. सासरी आले तो पहिला दिवस लिहावा. आणि मग गंमत होते. काल शाबास म्हणणारेच आज हसू लागतात.

"बघा, बघा, आता हे ज्ञानेश्वर होणार!"

"काय गं, खुरपं टाकून लिवाय लागलीस व्हय?"

आपल्या वर्गाच्या भिंतीवर आपण एक फळी लावली आहे. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावे आणि तिथे चिकटवावे, असे ठरले होते. पहिल्या महिन्यात त्या फळीवर नऊ कागद होते. आता तीन आहेत. आम्ही विचारले, असे का? कुणी म्हणाले, बागेची कामे निघाली. ते खरेच आहे. छाटणी आली की तासगावच्या माणसाला जेवायला फुरसत नसते. पण एक बाई खरे ते बोलल्या. त्या म्हणाल्या, "मी विहिरीवर लिवलं हुतं. माझ्या जावंनं ते सगळ्या आळीत वाचून दाखवलं, आन् समदी हसली. म्हणून मीच तो कागद काढून आणला."

त्यांचा कागद आम्ही वाचला होता. चांगला होता. त्यात विहिरीचे पाणी कसे एकेक पायरी खाली गेले ते लिहिले होते. एकोणीस पायऱ्या त्यांनी मोजून लिहिल्या होत्या. आमच्यासारख्या शाळेत शिकलेल्यांना ते सुचले नसते. म्हणून आज या विषयावर बोलायचे ठरवले.

आपल्याला वाटते, हसतात ते आपल्यालाच. आपण अडाणी होतो, उशिरा शिकलो, म्हणून हसतात. तसे नाही. ज्यांची नावे आज शाळांना आणि रस्त्यांना दिली आहेत, त्यांनाही लोक असेच हसले. त्यांतल्या एकाची गोष्ट आज जरा सावकाश सांगतो.

महात्मा जोतीराव फुले. त्यांचे घराणे मूळचे आपल्याच मुलखातले, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. खटाव तालुक्यातले हे गाव. पुढे घराणे पुण्याला गेले. फुलांचा धंदा केला, म्हणून फुले हे नाव पडले. जोतीराव 1827 साली जन्मले. वडिलांनी शाळेत घातले, पण माळ्याच्या पोराने शिकून काय करायचे, असे लोकांनी वडिलांच्या कानात भरले. वडिलांनी पोराला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. पोरगा दिवसा मळ्यात राबे आणि रात्री दिव्यापाशी वाचीत बसे. शेजारी गफार बेग मुन्शी नावाचे एक जाणते गृहस्थ होते, आणि लिजिट नावाचे एक साहेब होते. या दोघांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा शाळा पुन्हा सुरू झाली.

1848 साली जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे त्याही सातारा जिल्ह्यातल्याच. शाळेला जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण टाकीत, हे तुम्ही ऐकले आहे. पण त्या कविता लिहीत हे फार जणांना ठाऊक नसते. 'काव्यफुले' हे त्यांचे पुस्तक 1854 साली निघाले. शेणाचे गोळे खाणारी बाई घरी येऊन कविता लिहीत होती.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1855 साली, दोन गोष्टी झाल्या. जोतीरावांनी मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर शेतात, कामावर राबणाऱ्या बाप्यांना आणि बायांना रात्री शिकवायचे. म्हणजे आज आपण इथे बसलो आहोत तशीच. आणि त्याच साली त्यांनी एक नाटक लिहिले. नाव ठेवले 'तृतीय रत्न'.

नाटकाची गोष्ट साधी आहे. एक शेतकऱ्याची बायको गरोदर आहे. तिच्याकडे एक जोशी येतो. तो सांगतो, ग्रह वाईट आहेत, पोटातल्या मुलाला धोका आहे, शांती करा, ब्राह्मणभोजन घाला. नवरा-बायको घाबरतात. कर्ज काढून सगळे करतात. मग एकेक माणूस येतो, बोलणी होतात, आणि हळूहळू त्या दोघांच्या लक्षात येते की आपल्याला वाचता येत नाही म्हणून आपल्याला कुणीही फसवतो. शेवटी ती दोघे काय करतात? रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात.

त्या काळी पुण्यात दक्षिणा प्राइज कमिटी होती. पेशव्यांच्या वेळी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. इंग्रज आल्यावर त्या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून देऊ लागले. कुठले पुस्तक चांगले, हे कमिटी ठरवी. जोतीरावांनी आपले नाटक कमिटीपुढे ठेवले.

कमिटीला ते पसंत पडले नाही. कमिटीत काही युरोपियन सभासद होते, त्यांना ते मान्य होते, पण इतरांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही, असे जोतीरावांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. नाटक परत आले. जोतीरावांचे वय तेव्हा अठ्ठावीस.

आता विचार करा. मनापासून लिहिले, ज्यांना मान द्यायचा त्यांच्यापुढे नेले, आणि त्यांनी नको म्हटले. जोतीरावांनी काय केले? नाटक गुंडाळून ठेवले. भांडत बसले नाहीत. कंत्राटाचा धंदा केला, शाळा चालवल्या, अनाथ मुलांना सांभाळले. चौदा वर्षे एकही पुस्तक छापले नाही. काही लोकांना वाटते, नेटाने लिहायचे म्हणजे रोज उठून लिहायचे. जोतीरावांची चौदा वर्षे तशी गेली नाहीत. पण त्या वर्षांत त्यांनी जे पाहिले, तेच पुढे पुस्तकांत आले.

1869 साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा काढला. 'ब्राह्मणांचे कसब' काढले. 1873 साली 'गुलामगिरी' काढले. पोवाड्याच्या सुरुवातीला त्यांनी सांगून ठेवले की यात लांबलचक संस्कृत शब्द घातलेले नाहीत; कुणबी, माळी, महार, मांग यांना समजावे म्हणून लहान लहान शब्द घातले आहेत. कुणासाठी लिहितो आहोत, हे ठरवून टाकले होते.

यावर पुण्यातले पंडित हसले. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्या काळचे नामांकित लेखक. 1874 पासून ते 'निबंधमाला' काढीत. तीत त्यांनी जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची खूप टिंगल केली. चिपळूणकर काही लहान लेखक नव्हते. मराठी गद्याला त्यांनी डौल आणला, हे मान्य केले पाहिजे. आणि जोतीरावांच्या लिहिण्यात व्याकरणाच्या चुका असतीलही. पण शेतकऱ्याच्या घरात काय शिजते आणि काय शिजत नाही, हे जोतीराव सांगत होते. पंडित मात्र अनुस्वार मोजीत बसले. आमच्या मते तिथे शास्त्रीबुवांची मोठी चूक झाली.

आता खरी शिकण्याची गोष्ट पुढे आहे. पुढे जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले. त्याची प्रस्तावना 1883 सालची आहे. हे पुस्तक त्यांनी कुठल्याही कमिटीपुढे नेले नाही. ज्यांच्याविषयी लिहिले होते त्यांच्यापुढे नेले. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोक जमवले आणि त्यांना वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवले. एकीकडे महाराज, एकीकडे हडपसरचे माळी. ऐकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोकांना वाचता येत नसणार. पण बियाण्याचा भाव, सावकाराचे व्याज, जनावरांचा चारा या गोष्टी बरोबर लिहिल्या आहेत की नाहीत, हे त्यांच्यापेक्षा चांगले कोण सांगणार?

म्हणून आम्ही म्हणतो, आपला कागद पहिल्यांदा कुणाला दाखवायचा, हे विचार करून ठरवावे. विहिरीवर लिहिले असेल तर त्या विहिरीचे पाणी शेंदलेल्या म्हातारीला वाचून दाखवा. ती म्हणेल, "पायऱ्या एकोणीस न्हवं, एकवीस हुत्या." ती चूक लगेच दुरुस्त करा. ती तुमच्या कामाची आहे.

इतके करूनही 'असूड' छापायला अडचण आलीच. 'दीनबंधू' हे त्यांच्याच विचारांचे वर्तमानपत्र. नारायण मेघाजी लोखंडे ते चालवीत. त्यांनी पहिले दोन भाग छापले आणि पुढे छापायचे थांबवले. लोखंडे काही भित्रे नव्हते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने, 1890 साली. तरी त्यांनाही हे लिहिणे फार कडक वाटले. परक्याने नको म्हटले तर राग येतो. आपल्याच माणसाने नको म्हटले तर आतून तुटते. जोतीरावही रागावले. पण त्यांनी 'असूड'मधला एक शब्द मऊ केला नाही. ते पुस्तक पुरे छापून आलेले त्यांना बघायला मिळाले नाही.

1888 साली त्यांना पक्षाघात झाला. आपण ज्याला लकवा म्हणतो तो. उजवी बाजू गेली. लिहिण्याचा हात गेला. वय एकसष्ट. तेव्हा ते डाव्या हाताने लिहायला शिकले, आणि डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहून काढले. 1890 च्या नोव्हेंबरात ते वारले, आणि पुस्तक 1891 साली निघाले.

तुमच्यापैकी काहींची तक्रार असते की खुरपे धरून, कुदळ मारून बोटे ताठ झाली, लेखणी धरवत नाही. त्यांनी ही डाव्या हाताची गोष्ट लक्षात ठेवावी. अक्षर वेडेवाकडे आले तर येऊ द्यावे.

पण मंडळी, प्रत्येक जण असा टिकला असे नाही. तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही तुम्हांला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. बुलढाण्याला ताराबाई शिंदे नावाच्या बाई होत्या. 1882 साली त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' नावाचे छोटे पुस्तक लिहिले. बाईने चूक केली की गाव तिला फाडून खातो, मग पुरुषाच्या चुका कुठे जातात, असा त्यांचा सरळ सवाल होता. काही संपादकांनी त्यांची थट्टा केली. जोतीरावांनी 1885 साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक कुणाला सापडलेले नाही. एवढी धारदार लेखणी, आणि एकच पुस्तक. थट्टेमुळेच त्या थांबल्या की घरच्या कामामुळे, हे आपण कसे सांगणार? पण आपल्या आळीत एखादी बाई लिहिते आणि आपण हसतो, तेव्हा काय घडू शकते, याचा हसणाऱ्यांनी विचार करावा. हे आम्ही मुद्दाम बाप्यांकडे बघून बोलतो आहोत. आणि जावांकडे बघूनही.

तुकोबांची गोष्ट तुम्हांला कीर्तनात ऐकून पाठ आहे. तुला अभंग रचायचा अधिकार नाही, असे त्यांना सांगितले गेले, वह्या इंद्रायणीत गेल्या, तेरा दिवस ते काठावर बसून राहिले. त्या वह्या कोरड्या वर आल्या, असे वारकरी मानतात. आम्ही त्यात एक गोष्ट बघतो. वह्या बुडवायला लावणारे रामेश्वरभट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले. हसणारा माणूस जन्मभर हसतच राहील, असे धरून चालू नये.

आता जवळचे उदाहरण. वाळवे तालुक्यातले वाटेगाव तुमच्यातल्या कैकांनी पाहिले असेल. तिथे 1 ऑगस्ट 1920 रोजी अण्णा भाऊ साठे जन्मले. तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. अण्णा भाऊ मांग समाजातले. शाळा जवळजवळ झालीच नाही. आई-बापांबरोबर पायी मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत काम केले. अक्षर कुठे शिकले? दुकानांवरच्या पाट्यांवर. रस्त्याने जाताना पाट्या वाचायच्या, सिनेमाच्या जाहिराती वाचायच्या. तुम्ही एस. टी. वरच्या पाट्या वाचायला शिकलात, तसेच.

त्यांनी कामगारांसाठी तमाशे लिहिले. सरकारने त्यांवर बंदी घातली. मग त्यांनी तेच पोवाड्यात आणि गाण्यात सांगितले. शिकल्या-सवरल्या लोकांच्या बैठकीत त्यांना कोण विचारणार? तरी ते लिहीत राहिले. तीसच्या वर कादंबऱ्या झाल्या. 1959 साली 'फकिरा' आली. तिला प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी, तेही सांगलीत जन्मलेले. 1961 साली 'फकिरा'ला राज्य सरकारचे बक्षीस मिळाले. ज्याला सरकारने बंदी केली त्यालाच सरकारने बक्षीस दिले. अण्णा भाऊंची गरिबी मात्र सुटली नाही. 1969 साली ते गेले तेव्हाही हाल होतेच. लिहिल्याने पैसा मिळतो, असे कुणी तुम्हांला सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आता एक कामाची गोष्ट. आपला लेख बाहेर पाठवला की तो परत येऊ शकतो. इथून जवळच किर्लोस्करवाडी आहे. नांगराचा कारखाना सगळ्यांना ठाऊक आहे. तिथून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. शंकरराव किर्लोस्कर संपादक होते. 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' निघाले. अख्ख्या महाराष्ट्रातून आपल्या या माळावर लेख येत. मासिकांची तेव्हा एक रीत होती. लेख पसंत नसला की त्याच्याबरोबर दोन शब्द येत, 'साभार परत'. म्हणजे, आभार मानून परत पाठवतो. मोठमोठ्या लेखकांच्या घरी असे कागद आलेले आहेत. त्याचा अर्थ एवढाच की या अंकात, या संपादकाला हे नको. लेख लांब असेल, तसाच दुसरा आधी आला असेल, किंवा खरेच कच्चा असेल. कागद परत आला की चार दिवस डब्यात ठेवावा. पाचव्या दिवशी काढून परक्याचा असल्यासारखा वाचावा. कच्चा कुठे आहे ते तेव्हा दिसते.

आणि कुणी चूक दाखवली म्हणजे तो हसला, असे मानू नये. हे तासगावकरांना काय सांगायचे? आपण एप्रिलात खरडछाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी करतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटते, भरली बाग या माणसाने बोडकी केली. पण छाटली नाही तर वेल नुसता पाल्याने माजतो, घड धरत नाही. मात्र छाटणाऱ्याला कुठल्या डोळ्यावर काडी कापायची ते कळले पाहिजे. बागेत शेळी शिरली तर तीही काड्या खाते. तिला कुणी छाटणी म्हणत नाही. तुमच्या कागदावर कुणी बोलला, तर तो कुठले वाक्य चुकले ते बोट ठेवून दाखवतो का, ते बघा. दाखवत असेल तर ऐकून घ्या, राग आला तरी. नुसता "कशाला लिहितोस?" म्हणत असेल, तर शेळीला हाकलतो तसे "हाड्" म्हणा आणि आपल्या कामाला लागा.

व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडच्या माडगूळचे. त्यांनी 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी' लिहिली ती मेंढपाळांवर, गरीब शेतकऱ्यांवर. आपल्या माणसांत लिहिण्यासारखे काय आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी ती पुस्तके वाचनालयातून न्यावीत. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते, कृष्णेच्या काठी. यंदा ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव सांगावे. सगळे मिळून जाऊ. भाकरी ज्याने त्याने बांधून आणायची.

आता त्या नाटकाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. 'तृतीय रत्न' 1855 साली कमिटीने परत केले. जोतीराव असेपर्यंत ते छापले गेले नाही. हस्तलिखित मात्र टिकले. 1979 साली ते 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात छापून आले. एकशे चोवीस वर्षांनी. आता महाराष्ट्र सरकारने काढलेल्या महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयात ते आहे.

पुढच्या आठवड्यापासून वर्गात आपण तेच मोठ्याने वाचणार आहोत. भाषा जुनी आहे, पण बोलीतली आहे, अडणार नाही. जोशी कोण होणार, नवरा कोण, बायकोचे बोलणे कोण वाचणार, ते आज जाण्यापूर्वी ठरवू. शेवटचा भाग, ती दोघे रात्रीच्या शाळेला निघतात तो, सगळ्यांनी मिळून वाचायचा. भिंतीवरच्या फळीसाठी कागद आणि डिंक पेटीत ठेवला आहे.